विजेच्या गाडीला वाट कोण देणार?

जळगावात वाहतुकीचा विषय निघाला की बोलणं दोन मिनिटांत उड्डाणपुलावर येतं. अजिंठा चौफुलीला हवा, इच्छादेवीला हवा, आकाशवाणी चौकात तर कधीच व्हायला हवा होता. अलीकडे त्याच्या जोडीला ई-बसचा विषय आला आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. देशभरात १० हजार विजेच्या बस, आणि निकष २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीन लाखांवर लोकसंख्येचा. जळगाव तेव्हा ४ लाख ६० हजारांचं होतं, धुळे पावणेचार लाखांचं. दोन्ही शहरं निकषात बसतात. त्यामुळे चहाच्या टपरीपासून महासभेपर्यंत एकच सूर: विजेच्या बस आल्या की धूर जाईल, गर्दी हटेल, प्रश्न मिटेल.

धूर जाईल हे खरं. बाकीचं मला पटत नाही. संध्याकाळी सहाला इच्छादेवी चौकात अडकलेली बस डिझेलची असो की बॅटरीची, ती अडकलेलीच असते. आतल्या माणसाला घरी पोचायला तितकाच उशीर होतो. दोन-चार दिवस तो सहन करतो आणि मग हप्त्यावर मोटारसायकल घेतो. बस रिकामी धावू लागते, तोटा वाढतो, आणि एक दिवस ती आगारात उभी राहते. सार्वजनिक वाहन कशावर चालतं यापेक्षा कुठून चालतं, त्याला रस्त्यावर स्वतःची पट्टी मिळते की नाही, यावर त्याचं आयुष्य ठरतं, असं माझं म्हणणं आहे. आणि ही पट्टी देण्याची संधी जळगावच्या दारात आली आहे.

महामार्गाच्या कडेने समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांनी आंदोलनं केली ती उगाच नाही. राष्ट्रीय महामार्ग, जुना क्रमांक ६ आणि आताचा ५३, शहराच्या पोटातून जातो. कोलकात्याकडे निघालेला ट्रक आणि खोटेनगरातून शाळेला निघालेली सायकल, दोघांना डांबर एकच. ही अवजड वाहतूक पाळधी-तरसोद बाह्यवळणाने बाहेरून न्यायची, असं ठरलं. ती बाहेर गेली की बांभोरीच्या पुलापासून अजिंठा चौफुलीच्या पुढपर्यंत एक रुंद रस्ता शहराच्या हाती येतो. एका टोकाला गिरणेपलीकडे विद्यापीठ, दुसऱ्या टोकाला एमआयडीसी, मध्ये कॉलेजं, दवाखाने आणि वस्त्या. याहून सरळ बसमार्ग नकाशावर आखूनही सापडायचा नाही. या रस्त्याचं पुढे काय करायचं, याची चर्चा मात्र मला कुठे ऐकू येत नाही.

म्हणून थोडं लांबचं उदाहरण घेतो. फ्रान्सच्या आग्नेयेला, आल्प्सच्या कुशीत ग्रेनोबल नावाचं शहर आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर: शार्त्रूझ, वेर्कोर आणि बेलदोन. शहर स्वतः मात्र दोन नद्यांच्या संगमावर, सपाट तळाशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर, म्हणजे जळगावच्याच पातळीला. मूळ शहराची वस्ती दीड-पावणेदोन लाख, आजूबाजूची गावं धरून साडेचार लाखांच्या घरात. आकार आपलाच. ‘आपलं शहर लहान, आपल्याला काय करायचंय असलं काही’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या गावात वीज लवकर आली, कारण डोंगरातून पाणी कोसळत होतं. जवळच्या लांसे गावात आरिस्तीद बेर्जेस नावाच्या कागद गिरणीवाल्याने १८६९ मध्ये दोनशे मीटर उंचीवरून पाणी नळाने खाली आणून यंत्रं फिरवली. पुढे त्याच पाण्यावर वीज होऊ लागली आणि ‘पांढरा कोळसा’ हे त्याने दिलेलं नाव जगभर गेलं. अशा मुलखात ट्राम विजेवर येणार हे ओघानेच आलं. १८९७ मध्ये ग्रेनोबलच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावू लागली. मग मार्ग वाढत गेले, आसपासच्या गावांना पोचले, एक तर वेर्कोरचा डोंगर चढून विलार-द-लांसपर्यंत गेला.

डोंगर आणि ट्राम यांचं नातं समजायला आणखी थोडं मागे जावं लागतं. घोड्यांच्या ट्रामची खरी परीक्षा चढावर होई. घोडे थकत, जादा जोडी लावावी लागे, पावसात टापा घसरत. सॅन फ्रान्सिस्कोने १८७३ मध्ये यावर उपाय काढला, रस्त्याखालून सतत फिरणाऱ्या पोलादी दोराला डबे अडकवण्याचा. उपाय चालला, पण भयंकर खर्चिक. विजेने हा प्रश्न सोडवला तो १८८८ मध्ये, अमेरिकेतल्या रिचमंड शहरात. फ्रँक स्प्रेग हा आधी नौदलात असलेला आणि काही काळ एडिसनकडे काम केलेला अभियंता. रिचमंडमध्ये दहाला एक इतके तीव्र चढ होते. स्प्रेगने मोटारीची एक बाजू थेट चाकांच्या आसावर टेकवली आणि दुसरी बाजू स्प्रिंग लावून गाडीच्या सांगाड्याला टांगली. गाडी कितीही उसळली तरी मोटारीचं दातेरी चाक आणि आसाचं दातेरी चाक एकमेकांत नीट बसून राहत. आधीच्या गाड्यांत हीच जागा दगा देत असे.

भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मालगाड्यांच्या विजेच्या इंजिनांत ट्रॅक्शन मोटर आजही अशीच आसावर टेकवून, नाकाशी टांगून बसवतात. कसाऱ्याच्या घाटात ३७ ला एक चढ, तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक खान्देशी माणसाने खिडकीतून पाहिलेलं असतं. त्या घाटातही १९३० पासून वीज आहे. सांगायचं हे की विजेची गाडी हे आपल्याला परकं प्रकरण नाही. भुसावळात ती दुरुस्त होते, दीपनगरच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते, आणि या दोन्ही ठिकाणांपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या जळगावात माणूस शेअर रिक्षात पाचवा बसून, अर्धं अंग बाहेर काढून प्रवास करतो.

पुन्हा ग्रेनोबलकडे. चढ जिंकलेली ती ट्राम पुढे सपाट रस्त्यावर हरली. मोटारी वाढल्या, रस्ते तेवढेच राहिले. ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यावर मोटारी येऊन उभ्या राहत, ट्राम घंटा वाजवत मागे थांबे. लोकांना दिसे काय, तर ट्राममुळे रस्ता अडलाय. तिची जागा ट्रॉलीबस (वरच्या तारेतून वीज घेणारी, पण रुळांशिवाय चालणारी बस) आणि साधी बस यांनी घ्यायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये ग्रेनोबलची शेवटची ट्राम गेली. गाडी विजेवर चालत होती आणि वीज घरच्याच डोंगरातली होती. तरीही ती गेली.

हीच गोष्ट मुंबईत घडली. तिथे घोड्याची ट्राम १८७४ ला आली, विजेची ७ मे १९०७ ला, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर-दादर मार्गावरची शेवटची ट्राम गेली. कारण तेच सांगितलं गेलं, की ती रस्ता अडवते. कोलकात्यात ट्राम टिकली, पण तिच्यासाठी राखलेल्या पट्ट्या हळूहळू मोटारींना मोकळ्या केल्या. मग ट्राम मंदावली, मग उतारू घटले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एक छोटा हौशी मार्ग सोडून बाकी बंद करायचा निर्णय सरकारने जाहीर केला. काठमांडूचं उदाहरण तर अगदी शेजारचं. चीनच्या मदतीने १९७५ मध्ये त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक अशी १३ किलोमीटरची ट्रॉलीबस सुरू झाली. हिमालयाच्या खोऱ्यात, धुराचा लवलेश नसलेली गाडी. पण कारभार ढिसाळ, आणि रस्ता मात्र सगळ्या वाहनांबरोबर वाटून घ्यायचा. या शतकाच्या पहिल्या दशकात ती कायमची बंद पडली. त्याच काठमांडूत डिझेलच्या तीनचाकी विक्रमवर १९९९ मध्ये बंदी आली तेव्हा बॅटरीचे सफा टेंपो मात्र जोमात चालले, आणि त्यातले कितीतरी बायका चालवतात. आपल्याकडच्या ई-रिक्षांकडे नाकं मुरडणाऱ्यांनी हे बघून यायला हरकत नाही. पण तेही गर्दीत अडकतातच.

ग्रेनोबलला शहाणपण यायला वेळ लागला, पण आलं. १९७० च्या दशकात इंधन महागलं, मोटारींनी शहर कोंडलं, आणि ट्राम परत आणायची चर्चा सुरू झाली. आता चर्चेचा मुद्दा गाडीचा नव्हता, रस्त्याचा होता. ट्रामला पूर्णपणे स्वतंत्र पट्टी द्यायची, शहराच्या मध्यवर्ती भागातून मोटारी हटवायच्या, तिथे फक्त पायी माणसं आणि ट्राम. म्हणजे दुकानदार, मोटारवाले, पार्किंगवाले, सगळ्यांच्या शेपटीवर पाय. १९८३ च्या निवडणुकीत तिथे सत्तापालट झाला. नवा महापौर आलँ कारिन्यों दुसऱ्या पक्षाचा, ट्रामची योजना आधीच्या लोकांची. आपल्याकडे असं झालं की काय होतं, हे जळगावात कुणाला सांगायला नको. फाईल कपाटात जाते आणि नव्या नावाची नवी योजना बाहेर पडते. ग्रेनोबलमध्ये जूनमध्ये थेट जनमत घेतलं. सुमारे ५३ टक्के लोकांनी ट्रामला हो म्हटलं. फार मोठी आघाडी नव्हती, पण लोकांनी सांगितलं ते झालं. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये जवळपास नऊ किलोमीटरचा पहिला मार्ग सुरू झाला. १९९० ला दुसरा, मग २००६, २००७ आणि २०१४ मध्ये आणखी. आज पाच मार्ग आहेत. चाकं पोलादाची, वीज वरच्या तारेतून, म्हणजे तंत्र मूळ तेच. बदलली होती ती तिच्या पायाखालची जागा.

त्या ट्राममध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. १९८५ मध्ये फ्रान्समध्येच नान्त शहराने नवी ट्राम आणली होती, पण तिच्यात चढायला पायऱ्या होत्या. ग्रेनोबलच्या अपंगांच्या संघटनांनी ठाम भूमिका घेतली, की आमच्या पैशांतून येणाऱ्या गाडीत आम्हाला चढता आलंच पाहिजे. मग गाडीची रचनाच बदलली. तळ रस्त्यापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर आणला, थांब्याचा ओटा त्याच्या बेताने उचलला. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कुणाचा हात न धरता आत जाऊ लागला. म्हाताऱ्या, बाळाची ढकलगाडी घेतलेल्या आया, गुडघे दुखणारे, सगळ्यांचंच त्यात भलं झालं.

आता आपल्या बसस्थानकात घटकाभर उभं राहून पाहा. लालपरी लागते. पहिली पायरी गुडघ्याच्या वर. नऊवारीतली आजी आधी पिशवी आत फेकते, मग एका हाताने दांडी धरते, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर, एक पाय पायरीवर आणि दुसरा अजून जमिनीवर, मागून कुणीतरी ‘चला आज्जी, चला लवकर’ म्हणतं, आणि कंडक्टर दुहेरी घंटा वाजवायला दोरीला हात घालून उभा. ती चढते. दरवेळी चढते. म्हणूनच आपल्याला वाटतं की चालतंय की. जी चढू शकत नाही ती स्टँडवर येतच नाही, आणि जी येत नाही ती कुणाच्या मोजणीत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खरे आहेत. पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप बीआरटीचा. पुण्यात २००६ मध्ये बससाठी वेगळी पट्टी केली, तिचे हाल सर्वांनी पाहिले. दिल्लीत २००८ मध्ये केलेली पट्टी २०१६ मध्ये उखडून टाकली. मग जळगावात कशी चालेल? मी या उदाहरणांपासून पळत नाही. पण दिल्लीची पट्टी जेमतेम सहा किलोमीटरची होती, तिच्या दोन्ही टोकांना बस पुन्हा त्याच गर्दीत शिरायची, आणि मोटारवाल्यांचा आवाज बसवाल्यांपेक्षा मोठा होता. पुण्यात पट्टी आखली, पण तिच्यात घुसणाऱ्यांना अडवायची हिंमत कुणी दाखवली नाही. अहमदाबादेत २००९ पासून अशीच व्यवस्था चालू आहे, आणि त्याहून जवळ, सुरतेत २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन असा पहिला मार्ग झाला. हे उधना, हे पांडेसरा, हे लिंबायत म्हणजे अर्धा खान्देशच की! अमळनेर, शिरपूर, शहादा, नंदुरबारकडची किती घरं तिथे नांदतात. कारखान्यातून सुटलेला आपला भाचा तिथे रांगेत उभा राहतो, तिकीट काढतो, वेगळ्या पट्टीतल्या बसने घरी जातो. तोच भाचा दिवाळीला घरी आला की म्हणतो, ‘इथं नाही चालणार भो, इथली माणसं ऐकत नाहीत.’ माणसं तीच आहेत. फरक पडतो तो पट्टी किती लांब आहे, अडथळा कच्चा की पक्का, आणि दंड खरंच होतो की नाही याने.

दुसरा आक्षेप दुचाकीचा. जळगाव हे दुचाकीचं गाव आहे, इथे बसमध्ये बसतो कोण? याचं उत्तर गणितात आहे. एका बसमध्ये साठ माणसं. तीच साठ माणसं डबलसीट निघाली तरी तीस मोटारसायकली. सिग्नलला त्या तीस गाड्या किती जागा खातात ते अजिंठा चौफुलीला रोज दिसतं. शिवाय दुचाकी कुणाकडे नाही, हेही पाहावं. कॉलेजच्या मुली, एमआयडीसीत डाळ मिलमध्ये आणि चटईच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायका, साठीपुढचे लोक. त्यांची निकड मोठी आणि आवाज लहान. उड्डाणपुलाची मागणी यांच्यातून आलेली मी तरी ऐकलेली नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. फ्रान्सने यासाठी एक साधा मार्ग काढला. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे ज्याच्याकडे नऊपेक्षा जास्त माणसं कामाला, त्या मालकाने पगाराच्या रकमेचा ठरावीक हिस्सा शहराच्या वाहतुकीला द्यायचा. १९७१ मध्ये पॅरिसमध्ये हे सुरू झालं, १९७३ पासून इतर मोठ्या शहरांत. तर्क असा की कामगार वेळेवर पोचला तर फायदा मालकाचाही आहे. हाच कायदा इथे जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही; महापालिकेला तसा अधिकारही नाही. पण ट्राम मी मागतच नाहीये. रूळ टाकायचे नाहीत, तारा ओढायच्या नाहीत. बस केंद्राच्या योजनेतून, रस्ता आधीच बांधलेला. लागतो तो दुभाजकाचा, थांब्यांचा आणि माणसांचा खर्च. एका उड्डाणपुलाच्या तुलनेत तो किरकोळ आहे. आणि उड्डाणपूल करतो काय, तर एका चौकातली कोंडी पुढच्या चौकात नेऊन ठेवतो.

थांब्याचा उल्लेख केलाच आहे तर त्यावर थोडं जास्त बोलतो, कारण दिल्लीत किंवा मुंबईत बसून आराखडे काढणाऱ्यांना हे कळत नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी बारा ते चार या वेळात सावली नसलेल्या थांब्यावर दहा मिनिटं उभं राहणं म्हणजे शिक्षा. पत्र्याचं, जाहिरातीचं छत खालच्या माणसाला भाजून काढतं. बस कितीही गार असो, तिथे पोचेपर्यंत माणूस उभा तर राहिला पाहिजे. बसच्या पट्टीच्या कडेला कडुनिंबाची रांग लावावी, थांबा त्या सावलीत असावा, माठ असावा. ग्रेनोबलने काही ठिकाणी रुळांमध्ये गवत लावलं. आपल्याकडे गवत जगायचं नाही, कडुनिंब जगेल.

धुळेकरांसाठीही हा प्रश्न वेगळा नाही. कॅप्टन ब्रिग्जच्या काळात, १८१९ च्या सुमारास आखलेली त्यांची पेठ, सरळ गल्ल्या, गल्लीला नंबर. दोनशे वर्षांपूर्वी ज्या गावाने रस्त्याची आधी आखणी केली, त्याच गावात आज आग्रा रोडवर पायी चालायला जागा नाही. तिथे बस धावली तरी हातगाड्या, पार्किंग आणि बस यांच्यात रस्ता कसा वाटायचा, हे आधी ठरवावंच लागेल.

मला भीती आहे ती अशी: बाह्यवळण सुरू होईल, ट्रक बाहेर जातील, पहिला महिना सगळे खूश. मग मोकळ्या झालेल्या जागेत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या राहू लागतील, मंगल कार्यालयांसमोर तिहेरी रांगा लागतील, गाडे येतील, त्यांना कुणाचा तरी आशीर्वाद असेल. वर्षभराने तिथे बसची पट्टी मागणारा माणूस शत्रू ठरेल, कारण तोवर ती जागा कुणाच्या तरी वहिवाटीची झालेली असेल. म्हणून निर्णय ट्रक बाहेर जाण्याआधी व्हायला हवा. महासभेने ठराव मांडावा: जुन्या महामार्गाच्या मधल्या दोन पट्ट्या बांभोरीपासून एमआयडीसीपर्यंत सलग बससाठी, रुग्णवाहिकेला मुभा, बाकी कुणाला नाही, थांब्याचा ओटा बसच्या तळाइतका उंच, दर थांब्याला सावली आणि पाणी. मग तो ठराव नगरसेवकांच्या दालनात न ठेवता लोकांपुढे न्यावा. आपल्या कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, ती कागदावरून खाली उतरवायला याहून चांगला विषय मिळणार नाही. खोटेनगरच्या लोकांना विचारा, मेहरूणच्या विचारा, शिवाजीनगरच्याही विचारा, ज्यांना रूळ ओलांडून यावं लागतं. दुकानदारांना विचारा आणि त्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलींनाही वेगळं विचारा.

लोक नाही म्हणाले, तर तेही मान्य करावं. फक्त मग ई-बस घेऊ नयेत. वाट द्यायची तयारी नसताना गाड्या आणून त्या सगळ्यांबरोबर आकाशवाणी चौकात उभ्या करायच्या आणि तीन वर्षांनी ‘जळगावात बस चालत नाही’ असा शेरा मारायचा, हा खेळ नको. आपल्या वाट्याला येतील त्या बस सरळ धुळ्याला देऊन टाकाव्यात.